पुढचा दात आणि मागचं दार

७ जाने., मंगळ.

आज मार्केटात नको ते झालं. एका गिऱ्हाईक बाईला जवळ्याचा भाव सांगत होते. "स्वस्त दिला बाय" म्हणायला गेले आणि कवळी सुटून थेट जवळ्याच्या टोपलीत. एका दाताची कवळी ती, पहिल्यापासून कधी धड बसलीच नाही. बाई भली, हसली नाही. पण जवळा न घेता गेली. कोण घेईल?

बर्फाचा क्रेट तोंडावर बसला त्याला वर्ष होत आलं. वरचा पुढचा दात तेव्हाच गेला. कवळी नसली की बोलताना शिट्टी वाजते. सुक्या मासळीचा धंदा सगळा तोंडावर, तिथे शिट्ट्या मारत बसू? पक्का दात बसवायचा, ठरलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "या वयात?" म्हटलं, तुम्ही या वयात नवा मोबाइल घेतलात तेव्हा मी विचारलं का?

९ जाने., गुरु.

मारुती मंदिरला दाताच्या डॉक्टर मॅडमकडे. तरुण आहे पण बोलते सरळ. मला वाटलेलं, आज माप घेतील, पुढच्या आठवड्यात दात. कसलं काय! आधी हाडात स्क्रू बसवायचा, तो हाडाने धरायचा, त्यात महिने जातात. मग वर टोपी, म्हणजे दिसणारा दात. "आणि हाड धरेलच अशी गॅरंटी मी कोणालाच देत नाही, मावशी." गॅरंटी देत नाही म्हणून उलट बरी वाटली. मी पण बोंबलाची गॅरंटी देत नाही.

दुसरे मार्ग पण सांगितले. शेजारचे दोन दात घासून त्यांच्यावर पूल, नाहीतर नवी नीट कवळी. चांगले दात घासायचे म्हणजे माझा जीव होत नाही. कवळीचं तर नावच नको.

मग प्रश्न सुरू. साखर? आहे. प्रेशर? नाही. रक्त पातळ करायची गोळी? नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन? दातवाल्या डॉक्टरला त्याचं काय पडलंय असं वाटलं, पण म्हणाली तसल्या काही औषधांनी जबड्याचं हाड भरून येत नाही, आधी कळलेलं बरं. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या म्हणाली. तंबाखू, गुटखा, सिगारेट? म्हटलं, छे, आमच्यात बायका असलं काही करत नाहीत. ह्यांनी पण विडी सोडली कधीच.

जबड्याचा मोठा एक्स-रे काढला. हाड पुरेसं आहे, थोडी पावडर घालावी लागेल. हाडाची पावडर! घरी कोणाला सांगितलं नाही.

१० जाने., शुक्र.

सकाळी मागच्या पडवीत अक्काला सगळं सांगितलं. अक्का माझी थोरली जाऊ. घरं दोन झाली, चुली दोन झाल्या, मागची पडवी मात्र एकच राहिली. रोज उजाडलं की ती तिच्या दारातून, मी माझ्या दारातून, मध्ये मशेरीचा डबा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या धाकाने माझं तोंड उघडत नव्हतं. अक्कानेच पहिली चिमूट हातावर ठेवली आणि म्हणाली, "लाव, आणि रडायचं असेल तर इथे रड." तेव्हापासून आमचं सगळं बोलणं मशेरी लावता लावताच.

अक्का ऐकून घेऊन म्हणाली, "हाडात स्क्रू? तू काय होडी हायस गो?" मग बराच वेळ हसत होती. तोंडात मशेरी, हसताना लुगड्यावर सांडली.

१६ जाने., गुरु.

रक्ताचा रिपोर्ट. तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी वर. मॅडम म्हणाली, आणखी वर असती तर थांबवलं असतं, साखर वाढली की जखम भरत नाही. चहात साखर बंद. हिरड्या पण साफ करून दिल्या आज. घाण ठेवून नवा दात लावायचा नाही म्हणे, कीड लागत नाही त्याला पण हिरडी सुजून तोही पडतो. दात साफ करून झाल्यावर आरशात बघितलं, कडा अजून काळसर. म्हणाली, "चहा खूप का?" म्हटलं, हो, आता बिनसाखरेचा.

१९ जाने., रवि.

शीतलचा फोन. लेक पनवेलला, पण डोकं सगळं इथे. स्क्रू बसवायला कोल्हापूरचे सर येतात, महिन्यातून एक रविवार. शीतल म्हणाली, "ते जाणार निघून. मधेच काही बिघडलं तर कोण बघणार ते विचार. टोपी धरून सगळा खर्च आहे की टोपी वेगळी, ते पण." मी काय अडाणी आहे? पण विचारलं नव्हतं खरं.

दुपारी मॅडमना फोन केला. मधले सगळे दिवस माझे, म्हणाली. खर्च टोपीसकट. परत हाड भरावं लागलं तर वेगळा. स्पष्ट बोलली, बरं झालं आधीच कळलं.

२ फेब्रु., रवि.

झालं. दुखलं नाही, पण आवाज... डोक्यात कोणी भिंतीला ड्रिल मारतंय तसं. कोल्हापूरचे सर बोलत कमी, हात हलका. टाके घातले. एक कार्ड दिलं, त्यावर स्क्रूचा स्टिकर, कंपनी आणि माप. जपून ठेवा, उद्या दुसऱ्या गावी दाखवायची वेळ आली तर हेच लागेल. देवाच्या फोटोमागे ठेवलं.

सूचना: गरम नाही, कडक नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, जोरात थुंकायचं नाही. तिथे ब्रश लावायचा नाही, औषधाचं पाणी नुसतं तोंडात धरून सोडायचं. कवळी आतून घासून दिली, टाक्यांवर टेकायला नको म्हणून. ती पण बाहेर जाताना तेवढीच.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "ओठ केवढा सुजलाय." बर्फ त्यांनीच लावला. बर्फानेच घालवला होता दात.

३ फेब्रु., सोम.

आटवल, म्हणजे मऊ भात, आणि कुळथाची पिठी. अक्काने आणून दिली, गार करून. गाल निळा. मार्केटात गेले नाही. सकाळी पडवीत बसले पण मशेरी नाही, तोंडच उघडत नव्हतं. अक्का एकटीच लावत होती, मधेच म्हणाली, "करमत नाय गो."

६ फेब्रु., गुरु.

सूज उतरली पण टाक्यांशी ठणका. गोळीने जातो, परत येतो. अक्का म्हणाली, दाताला दुखलं तर आपण काय लावतो? सासूबाईंना दाढ दुखली की हेच. मुद्दाम ताजी मशेरी भाजली माझ्यासाठी, हलकी, जळजळायला नको म्हणून. तवा तापलेला, धुराने दोघी खोकून बेजार. मग वाटून, वस्त्रगाळ करून. एवढं कोण करतं कोणासाठी?

ब्रश नको म्हणाली होती मॅडम, बोटाचं काही बोलली नव्हती. अलगद फिरवली टाक्यांभोवती. थुंकले पण नाही जोरात, नुसतं सोडलं, सांगितल्यासारखं. बरं वाटलं. डोकं पण हलकं झालं, चार दिवस कसं जड जड झालेलं.

१२ फेब्रु., बुध.

टाके काढायला. मॅडमने दिवा खाली ओढला आणि बघतच राहिली. "मावशी, टाक्यात हे काळं काय?"

"मशेरी."

"मशेरी लावता?"

"दात घासायला. सगळ्याच लावतात."

"मी तंबाखू विचारली होती."

"तंबाखू नाही खात मी."

"मशेरी कशाची करता?"

"तंबाखूची," म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं. पान मी स्वतः आणते मार्केटातून, निवडून. तरी कधी डोक्यात आलं नाही. तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून मळतात ती. मशेरी म्हणजे सकाळ.

मॅडम चिडली नाही. चिडली असती तर बरं. म्हणाली, चूक माझी पण आहे, रत्नागिरीत बसून मशेरी वेगळी विचारायला हवी होती. हिरडी एका बाजूने मिटलेली नाही, कड पांढरी पडलीय. तंबाखूने तिथलं रक्त कमी होतं, जखम भरत नाही. धुऊन काढलं, परत एक टाका. "स्क्रू राहील की नाही ते आज सांगता येत नाही. पण मशेरी चालू राहिली तर बहुतेक नाहीच राहणार. आजपासून बंद. थोडी पण नको."

किती दिवस विचारलं. म्हणाली, दात ठेवायचा असेल तर कायमची.

रिक्षात बसल्यावर रडू आलं. दातासाठी की कशासाठी, माहीत नाही.

१३ फेब्रु., गुरु.

अक्काला सांगितलं. सरळच सांगितलं, मला फिरवून बोलता येत नाही. ती तवा घासत होती. म्हणाली, "म्हणजे मी तुला विष दिला?" म्हटलं, असं कोण म्हणतंय. "तुझी डॉक्टरीण म्हणते. आमची सासू नव्वदीला गेली, मशेरी लावून." म्हटलं, सासूबाईंच्या तोंडात स्क्रू नव्हता. तवा तसाच टाकून आत गेली.

मला पण राग आला. एवढी वर्षं झाली, माझं एक ऐकून घ्यायचं तर...

१७ फेब्रु., सोम.

डोकं भणभणतंय. पोट साफ नाही. मशेरीशिवाय पोट हलतच नाही, हे पण कोणी सांगितलं नव्हतं. मॅडमना फोन केला तर म्हणाली, होतं असं, कोमट पाणी प्या, बडीशेप चघळा, आठवडे दोन आठवडे जड जातील. ह्यांच्यावर तीनदा ओरडले, शेवटी बिचारे जेटीवर जाऊन बसले. गिऱ्हाईकाशी पण भांडण. बांगडा खारट आहे म्हणाला. खारा बांगडा खारटच असतो.

सकाळी पडवीत जात नाही आता. वास आला की बोट आपोआप पदराला पुसायला लागते, लावायच्या आधीच. पुढच्या पायरीवर बसते. पुढे काय बघायचं? रस्ता.

२५ फेब्रु., मंगळ.

हिरडी मिटतेय. मॅडम खूष. मी पण असायला हवी.

अक्का वाटी घेऊन कालवण न्यायला आली. आम्ही एकमेकींचं कालवण नेतो, ते काही थांबलेलं नाही. चाखून म्हणाली, "तिखट टाकलंस जास्त." म्हटलं, नेहमीचंच आहे. "मग नको," म्हणाली आणि वाटी घेऊन परत गेली. आता माझं कालवण पण आवडत नाही. बरं.

१६ मार्च, रवि.

शिमग्याची पालखी येऊन गेली. पालखीपुढे दोघी शेजारी उभ्या होतो, ओटी एकत्र भरली, बोललो फक्त नारळाबद्दल.

आज कोल्हापूरचे सर. एक्स-रे काढला. स्क्रूच्या हिरडीकडच्या कडेला हाड थोडं गेलंय. थोडं म्हणजे किती विचारलं, बोटाने दाखवलं, नखाच्या कडेएवढं. आहे ते टिकलं तर चालेल. जास्त गेलं तर स्क्रू काढायचा, हाड भरून यायची वाट बघायची, मग परत ठरवायचं. म्हणजे सगळं पहिल्यापासून. त्यांनी विचारलं, मशेरी? म्हटलं, बंद. मॅडमने माझ्याकडे बघितलं. खरंच बंद आहे, शपथ घेऊ काय.

घरी येऊन शीतलला सांगितलं. म्हणाली, "आई, तू सोडलीस हेच केवढं आहे." तिला काय कळणार, काय सोडलं ते.

८ एप्रिल, मंगळ.

वास आला तरी बोट गप्प असतं आता. जीभ पण वेगळी झालीय, कोकमाची चव लागते, चहाची लागते. बिनसाखरेचा चहा किती वाईट असतो ते आता कळलं.

अक्का पडवीत एकटी बसते. खिडकीतून दिसते. लावून झाली तरी बसून राहते, डबा मांडीवर. आज पाच मिनिटं गेले आणि उभी राहिले. म्हटलं, बरं आहे ना? "हाय." धुरकट वास. मी परत आले. तिला वाटत असेल मी नाक मुरडते. मी नाक मुरडत नाही, मी घाबरते. बसले की लावीन.

हे जाऊन तिला सांगायला हवं होतं.

११ मे, रवि.

अगोटीची गर्दी. गिऱ्हाईक पावसाची बेगमी घ्यायला उतरलंय. गणपतीपुळ्याला आलेले पर्यटक पण सोडे विचारत येतात, भाव ऐकून फोटो काढून जातात. घशाला कोरड. कवळी लावून दिवसभर बोलते, संध्याकाळी काढते.

दुपारी जवळची कोळंबीवाली म्हणाली, "मी पण बसवते दात, कसं असतं ते?" तिला सांगितलं: आधी साखर बघ, गोळ्या सगळ्या सांग, बसवणारा कोण आणि नंतर बघणारा कोण ते विचार, घाई करू नको. आणि मशेरी लावतेस ते आधी सांग, विचारो न विचारो. ती म्हणाली, "मशेरीचं काय त्यात?" म्हटलं, "मशेरी कशाची करतेस?"

घरी आल्यावर अक्काकडे बोंबलाची चटणी दिली. परत पाठवली. ह्यांच्या हातून निरोप, तोंड आलंय म्हणे. उन्हाळाच आहे तसला. कोकम सरबत पाठवलं, ते पण नको, झोंबतं म्हणाली. रुसण्याची पण हद्द असते.

३ जून, मंगळ.

बोटी बंद. जेटी सुनी. एक्स-रे परत. हाड मार्चला होतं तिथेच आहे. मॅडमने एक्स-रे दोनदा शेजारी लावून दाखवले. "सर पुढच्या महिन्यात स्क्रू तपासतील. घट्ट असला तर टोपीचं माप. हलला तर काढायचा. तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत, मावशी." सगळं केलं तरी हलू शकतो, हे पण तिने सांगितलं. सांगून टाकते म्हणूनच तिच्याकडे जाते मी.

टोपी बसली तरी संपलं नाही म्हणे. दोऱ्याने आजूबाजूने साफ करायचं, दर सहा महिन्यांनी दाखवायचं, जन्मभर. नवरा परवडला.

१२ जुलै, शनि.

उद्या कोल्हापूरचे सर. उद्या कळणार, राहतो की जातो.

सकाळी पुढच्या पायरीवर बसले होते चहा घेऊन. पाऊस थांबलेला. अक्का आली, पुढच्या बाजूने. एवढ्या वर्षांत ती सकाळची इकडे कधी आली नाही. हातात स्वतःचा कप. बोट काळं होतं, पण वास नव्हता, तोंड धुऊन आली होती. आतच लावून, चुळा भरून. बसली माझ्या शेजारी.

म्हणाली, "तू येत नायस, म्हणून मी आले."

मला बोलायचं होतं, तुझ्यावर नाक मुरडत नव्हते, भीती वाटायची. बोलले एकदाचं. ती म्हणाली, "ठाऊक हाय गो मला. मी काय खुळी हाय?" मग माझ्या कपात बघितलं आणि हसली, "साखर नाय, मशेरी नाय, आणि दात पण अजून नाय." मी पण हसले. शिट्टी वाजली, त्यावर परत हसलो. कितीतरी महिन्यांनी.

चहा गार झाला तिचा. पीत नव्हती. फुंकर मारून मारून बाजूलाच ठेवलेला.

मग म्हणाली, "उद्या किती वाजता जातेस?"

दहा, म्हटलं.

"मी पण येते. दात-बीत नको मला. नुसता तोंडात बघायला सांग तुझ्या डॉक्टरणीला." आणि बोटाने गाल बाजूला ओढून दाखवलं. आत पांढरं, दुधाच्या सायीसारखं, मधे लाल. "तिखट सोसत नाय. गेल्या गणपतीपासून."

गेल्या गणपतीपासून. माझं कालवण परत केलं तेव्हाही. चटणी, सरबत. आणि मी म्हणत होते रुसलीय.

तिचा कप उचलला, चहा ओतला, नवा कोमट करून आणला. तो प्यायली.

ह्यांना सांगितलं, उद्या रिक्षा सांगून ठेवा, आम्ही दोघी आहोत. आता मला माझ्या दाताचं काय व्हायचं ते होऊ दे. उद्या आधी अक्का बसेल खुर्चीत, मी नंतर.